आईची वारीची भांडी आणि साताऱ्यातले कल्हईवाले चाचा

मोती चौकाच्या मागच्या बोळात कल्हईचं, म्हणजे पितळ-तांब्याच्या भांड्यांना आतून कथलाचा थर देण्याचं, एक दुकान आहे. दुकान म्हणजे पत्र्याखाली एक भट्टी, हातानं फिरवायचा भाता, पाण्याची टाकी आणि भिंतीला टेकवून ठेवलेली लोकांची भांडी. पाटी नाही. नाव लिहू का विचारलं तर चाचा म्हणाले, आहे ते कामच दोघांना आवरत नाही. चौकात ‘कल्हईवाले चाचा’ एवढं विचारलंत तरी कुणीही बोट दाखवेल. ज्यांच्या घरी पितळ-तांब्याची भांडी अजून चुलीवर चढतात, त्यांच्यासाठी लिहितेय.

माझं माहेर तरडगाव, तालुका फलटण. माऊलींची पालखी लोणंदचा मुक्काम आटोपून निघते, चांदोबाच्या लिंबाला पहिलं उभं रिंगण होतं आणि संध्याकाळी ती आमच्या गावात मुक्कामाला येते. (हा सोहळा बांधून देणारे हैबतबाबा आपल्याच जिल्ह्यातल्या आरफळचे. आपल्याकडच्या किती मुलांना हे ठाऊक असतं?) त्या संध्याकाळी आमच्या अंगणात पंगती बसायच्या. लग्न होऊन आल्यापासून आईनं हे कधी चुकवलं नाही. पिठलं, चिंच-गुळाची आमटी, भात, आणि गल्लीतल्या घराघरांतून गोळा झालेल्या भाकरी. कोणती दिंडी, कोणतं गाव, कोणती जात, तिनं कुणाला विचारलं नाही. पाय सुजलेल्याला गरम पाणी आणि खोबरेल तेल आधी, पान नंतर. घरात पीठ संपत आलं तरी तिचा आवाज चढायचा नाही. “माऊली घालतीया, आपण निस्तं वाढायचं,” म्हणायची. माळ गळ्यातली होती तशी बोलण्यातही होती, पण दुसऱ्याला माळ घाल म्हणून तिनं कधी आग्रह धरला नाही.

आई माघात गेली. तिची आठ भांडी माझ्याकडं आली ती कल्हईसाठी, कारण भावंडांत साताऱ्यात मी एकटीच. दोन मोठी पितळी पातेली, एक तांब्याचं तपेलं, पराती, आमटीची बादली. आजोबांच्या मागं वाटणीची बोलणी सुरू झाली तेव्हा आईनं तांबटाला बोलावून प्रत्येक भांड्याच्या काठावर ठिपक्यांत कोरून घेतलं होतं: ‘वारीची भांडी. वाटणीत धरू नये.’ कुणाचं नाव नाही, साल नाही. काका चिडले होते म्हणे. पण त्याच काकांनी पुढं दर वर्षी तांदळाचं पोतं आणून टाकलं.

आई असतानाच तपेलं एका पॉलिशवाल्याकडं दिलं होतं. त्यानं मशिनवर घासून बाहेरून झगझगीत करून दिलं आणि त्या घासण्यात ‘वाटणीत धरू नये’ पार गेलं, ‘वारीची भांडी’ कसंबसं राहिलं. आतली कल्हई तर महिन्याभरात काळी पडली. आई हात फिरवून एवढंच म्हणाली, “ऱ्हायलंय त्येवढं बास हाय.” मला मात्र ते अजून लागतं.

म्हणून चाचांचा पहिलाच प्रश्न मला फार आवडला. “ताई, वापरायचंय का शोकेसला ठेवायचंय?” वापरायचं म्हटल्यावर त्यांनी कथलाची कांडी माझ्या कानाजवळ धरली आणि हळूच वाकवली. करकर असा बारीक आवाज आला. शुद्ध कथील असं वाजतं. स्वस्तात काम करणारे त्यात शिसं मिसळतात, मग हा आवाज मंदावतो. शिसं विषारी, आणि आपण त्यात आंबट शिजवणार. गिऱ्हाइकाला हे न विचारता दाखवणारा माणूस मी पहिल्यांदाच पाहिला.

मी तिथंच स्टुलावर बसून काम बघितलं. पातेलं आधी आतून घासून लख्ख केलं, मग भट्टीवर फिरवत तापवलं. नवसागराची चिमूट टाकली की पांढरा धूर, नाक झोंबतं. कांडी तापल्या पितळेला टेकवली की कथील पाण्यासारखं पसरतं, आणि ते थिजायच्या आत कापसाच्या बोळ्यानं तळापासून काठापर्यंत एका दमात फिरवायचं. पुतण्या भाता फिरवत होता, चाचा नुसत्या मानेनं त्याला जोर कमी-जास्त करायला सांगत होते. शेवटी पाण्यात बुडवलं, चर्र झालं, आणि पिवळं पितळ आतून चांदीचं दिसायला लागलं. काठावरच्या अक्षरांना त्यांनी मशीन लावलंच नाही. चिंच आणि रांगोळी घेऊन ठिपका न् ठिपका हातानं साफ केला.

सगळ्याचे मिळून चार हजारांच्या आसपास झाले. दर आकारावर आहे, आणि कथील महाग असल्यानं घासाघीस चालत नाही. मला ते योग्य वाटलं.

काम कसं झालं याची परीक्षा पालखीच्या दिवशी झाली. आई गेल्याचं वर्ष, यंदा पंगत नको असं भावकीतल्या एक-दोघांनी सुचवलं होतं. वहिनीनं काही न बोलता पातेलं त्यांच्यापुढं ठेवलं आणि काठ दाखवला. पंगत झाली. आमटीत चिंच नेहमीसारखीच सढळ होती, रात्रभर पातेल्यात राहिली, तरी सकाळी कळकली नव्हती.

२०२० मध्ये पालखी रस्त्यानं आलीच नाही, पादुका एसटीनं पंढरपूरला गेल्या. तेव्हा आमच्या शाळेत मुंबईहून आलेली माणसं ठेवली होती, गाव त्यांच्याकडं जायला भीत होतं. आईनं हेच मोठं पातेलं चढवलं आणि शाळेच्या फाटकापर्यंत नेऊन ठेवलं. “यंदा वारी शाळेत उतरलीया,” म्हणाली. माझी मुलं तेव्हा आजीकडंच होती. भाकरी मोजून फडक्यात बांधायचं काम त्यांच्याकडं होतं.

कल्हई टिकवायची तर चाचांनी सांगितलेलं लक्षात ठेवा: भांडं रिकामं आचेवर ठेवायचं नाही, कथील २३२ अंशांना वितळतं. फोडणी दुसऱ्या भांड्यात करून ओतायची. लाकडी पळी वापरायची, तारेची घासणी लावायची नाही.

तक्रारी दोन. दिलेली तारीख चाचा पाळत नाहीत, आणि फोन उचलत नाहीत. बोळात चारचाकी शिरत नाही, मोठी भांडी रिक्षातून उतरवून हातानं न्यावी लागतात. वटपौर्णिमेनंतर तिथं गर्दी उसळते, म्हणून त्याआधीच भांडी टाका. आमची पुढच्या वर्षी वैशाखातच आणून ठेवीन, असं मी त्यांना सांगून आलेय.