मादी म्हणून नर गळ्यात मारला, टॅरॅन्टुला घेणाऱ्यांनी वाचा

बडोद्यात टॅरॅन्टुला, म्हणजे मोठे केसाळ कोळी, पाळणारे आम्ही मोजकेच, त्यामुळे बहुतेक प्राणी बाहेरून मागवावे लागतात आणि तिथेच माझे अठरा हजार गेले. दांडिया बाजारातल्या घरी माझ्याकडे सहा आहेत, चार वर्षं मी त्यांचे मॅक्रो फोटो काढतेय, आणि मेक्सिकन रेड नी या जातीची मोठी मादी मला कधीची हवी होती. मादी वीस-पंचवीस वर्षं जगते, म्हणजे तिची प्रत्येक कात, प्रत्येक बदल वर्षानुवर्षं टिपता येतो. नर वयात आला की शेवटची कात टाकतो आणि मग साधारण वर्षभराचा सोबती. भावातला फरक यामुळेच असतो.

मुंबईकडचा विक्रेता, नंबर ओळखीतून मिळालेला, बोलायला एकदम गोड, दर वाक्याला ताई. फोटो पाठवला, करवंटीला टेकून बसलेली भरदार मादी, मागे हिरवं शेवाळ. मी कात मागितली, कारण नर की मादी हे खात्रीने कळतं ते कातीवरून, पोटाच्या भागात आतून वरच्या दोन बुक लंग्जच्या (कोळ्याच्या श्वसनाच्या अवयवांच्या) मधे मादीची छोटी पिशवी दिसते. तर म्हणाला, "ताई ती फाटली, टाकून दिली, पुढच्या मोल्टला (कात टाकेल तेव्हा) तुम्हालाच मिळेल ना." वयात आलेला नर पुन्हा सहसा कात टाकतच नाही, म्हणजे हे बोलताना त्याला सगळं माहीत होतं. कागद "मागून मेल करतो" म्हणाला. रेड नी १९८५ पासून साइटिसच्या, म्हणजे वन्यजीवांच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या, यादीत आहे, २०२४ च्या नियमांनंतर असे प्राणी सरकारच्या परिवेश पोर्टलवर नोंदवावे लागतात, माझ्या सहाही जणींची नोंद आहे, तरी मी यूपीआय केलं.

आणि त्याच बोलण्यात तो गुटी सफायर पण देतो म्हणाला, "जंगलातली, फुल साइज." ही आपली निळी कोळीण, १८९९ मधे पोकॉक या ब्रिटिश प्राणीशास्त्रज्ञाने जिचं वर्णन केलं ती आंध्रातल्या गुटी गावच्या रेल्वेच्या लाकूड वखारीत सापडली होती म्हणून ते नाव, खरं घर आंध्रातला जंगलाचा एक छोटा तुकडा, जुन्या झाडांच्या ढोल्या, आणि झाडं तुटत चालल्यामुळे ती अतिसंकटग्रस्त आहे. जो माणूस ती जंगलातून उचलून विकतो त्याच्याशी मी तिथल्या तिथे बोलणं बंद करायला हवं होतं, याचं मला पैशांपेक्षा जास्त वाईट वाटतं.

पार्सल ट्रॅव्हल्सच्या बसने आलं, पहाटे पाचला गोल्डन चोकडीवर जाऊन घेतलं. डबा उघडला तर पाय लांबलचक, पोट बारीक. वाटलं प्रवासात सुकली असेल, पाणी ठेवलं. रात्री फ्लॅशला डिफ्यूझर (प्रकाश मऊ करणारा पडदा) लावून फोटो काढला आणि स्क्रीनवर झूम केला, तर तोंडाजवळच्या दोन छोट्या पायांची टोकं बॉक्सिंगच्या ग्लोव्हसारखी फुगलेली, खाली काळा चकचकीत थेंब, त्याला वाकडी सुई, आणि पुढच्या पायांच्या आतल्या बाजूला आकडे. पूर्ण वयात आलेला नर. त्याने पाठवलेला फोटो मग इमेज सर्चला टाकला, तो परदेशातल्या कोणाच्यातरी मादीचा जुना फोटो निघाला.

विचारलं तर ब्लॉक. १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार केली, त्यांनी बिल मागितलं, बिल कुठलं. कागद नसताना घेतला म्हणजे चूक माझीही, वन खात्याला मी हे स्वतः जाऊन सांगितलं. असले विक्रेते कागद देत नाहीत ते याच भरवशावर, की घेणारा तोंड उघडणार नाही.

तो बिचारा रात्रभर काचेला धरून फेऱ्या मारायचा, काही खायचा नाही. आई म्हणायची, "अगं त्याला बायको शोधायचीये." खरंच तसंच असतं. श्रावणात एका सकाळी पाय पोटाखाली मुडपून पडलेला दिसला.

कोणाकडूनही घेताना आजची तारीख चिठ्ठीवर लिहून शेजारी ठेवलेला व्हिडिओ मागा, त्यात तोंडाजवळच्या त्या छोट्या पायांची टोकं स्पष्ट दिसली पाहिजेत, काचेवर चढलेली असताना खालूनही बघा, आणि नोंदणीची कॉपी आधी, पैसे नंतर. तो करवंटी आणि हिरव्या शेवाळाचा फोटो अजून फिरतोय, मागच्याच आठवड्यात सुरतच्या एका मुलाला आला, भाव आता बावीस हजार सांगितलाय.