टॅरो की ओरॅकल? नात्याचा विचार करायला कोणती कार्डं घ्यावीत

नात्यात गुंता झाला की मी कार्डं आणि वही घेऊन बसते. 'तो परत येईल का' हे मी कार्डांना कधी विचारत नाही, कारण दुसऱ्याच्या मनातलं कागदाच्या तुकड्याला कळत नसतं. माझ्याच मनातलं, जे मी स्वतःशी बोलायचं टाळते, ते मात्र चित्र समोर आलं की बाहेर पडतं. एवढ्याचसाठी पहिला डेक, म्हणजे कार्डांचा संच, घ्यायचा असेल, तर टॅरो आणि ओरॅकल या दोन प्रकारांतला फरक आधी नीट समजून घ्या.

टॅरोची पानं ७८. त्यांत २२ मेजर अर्काना, म्हणजे मोठी पानं, आणि ५६ मायनर, म्हणजे छोटी. मायनरचे चार गट: वाँड्स (काठ्या), कप्स (पेले), स्वोर्ड्स (तलवारी), पेंटॅकल्स (नाणी). भावना आणि नाती कप्सकडे. पंधराव्या शतकात उत्तर इटलीत हे निव्वळ खेळायचे पत्ते होते, भविष्य सांगण्यासाठी ते रूढ झाले अठराव्या शतकातल्या फ्रान्समध्ये. आज बहुतेकांच्या हातात असतो तो १९०९ साली लंडनमध्ये निघालेला रायडर-वेट डेक, नाहीतर त्यावर बेतलेला एखादा. त्याची चित्रं पामेला कोलमन स्मिथ यांची. जुन्या बहुतेक डेकांत आकड्यांच्या पानांवर नुसते मोजून तेवढे पेले किंवा तलवारी असत. पामेलांनी तिथे माणसं आणली, प्रसंग आणले. आत्मचिंतनासाठी मला टॅरो जवळचा वाटतो तो त्यामुळेच.

फाइव्ह ऑफ कप्स घ्या. काळ्या झग्यातला माणूस मान खाली घालून उभा आहे, समोर तीन पेले सांडलेत. पाठीमागे दोन पेले शाबूत आहेत, पण त्याचं तिकडे लक्ष नाही. पलीकडे नदी आणि तिच्यावर पूल. एक नातं तुटल्यावर हे पान माझ्या हाती आलं, तेव्हा कितीतरी वेळ मला सांडलेले तीनच दिसत होते. मग मागचे दोन दिसले आणि मी वहीत लिहिलं, 'माझे दोन कोणते?' पहिल्यापुढे बहिणीचं नाव लगेच आलं. दुसऱ्यापुढे काय लिहायचं हे ठरवायला आठवडा गेला.

ओरॅकलला असा ठरलेला साचा नाही. पानं किती आणि विषय कोणता, हे डेक काढणारा ठरवतो. फुलं, प्राणी, चंद्राच्या कला, काहीही चालतं. पानावर बहुधा एखादा शब्द छापलेला असतो: क्षमा, विश्वास, थांब. सोबत पुस्तिका असते, त्यामुळे पहिल्याच दिवशी सुरुवात करता येते. टॅरो अंगवळणी पडायला महिने लागतात, हे खरं आहे.

पण प्रेमावरचे बरेच ओरॅकल डेक फार गोड असतात. टॅरोतलं थ्री ऑफ स्वोर्ड्स, म्हणजे लाल हृदयातून तीन तलवारी आरपार आणि मागे पाऊस, असं पान त्यांत क्वचितच मिळतं. शिवाय शब्द आयता मिळाला की आपण तोच धरून बसतो, स्वतःचा शोधत नाही. ज्या नात्यात काहीतरी खुपतंय पण नाव देता येत नाही, तिथे म्हणूनच मी टॅरोच सुचवेन.

जखम अगदी ताजी असेल तर मात्र उलट. रडून डोळे सुजलेत, झोप नाही, अशा रात्री थ्री ऑफ स्वोर्ड्स निघालं तर मन आणखी खचतं. तेव्हा ओरॅकलचं एकच पान काढा, त्यावर चार ओळी लिहा आणि झोपा.

एक धोका दोन्हींत सारखाच आहे. मनासारखं पान निघेपर्यंत पुन्हा पुन्हा पिसत राहायचा मोह होतो. मी एका प्रश्नाला एकदाच पानं काढते आणि पुन्हा तो प्रश्न महिनाभर काढत नाही. आणि जोडीदाराची भीती वाटत असेल, तर कार्डं बाजूला ठेवून आधी विश्वासातल्या माणसाशी बोला.

दोन्ही डेक हाताशी असतील तर मी टॅरोची तीन पानं मांडते: मी काय देतेय, मला काय हवंय, काय बोलायचं टाळतेय. लिहून झालं की शेवटी ओरॅकलचं एक. तिसऱ्या पानापाशी सगळ्यात जास्त वेळ जातो, तो जाऊ द्या.