एम्प्लॉयमेंटला मराठीत काय म्हणायचं: नोकरी, रोजगार, काम की सेवायोजन?

फॉर्म, जाहिराती, अहवाल मराठीत करून देणाऱ्यांना एम्प्लॉयमेंट हा शब्द पानापानावर भेटतो. पहिला सुचेल तो शब्द टाकून पुढे जायचं, असं मीही बरीच वर्षं केलं. आता आधी क्रियापद लावून बघते. नोकरी लागते. रोजगार मिळतो. काम निघतं. जातानाही तिघांची तऱ्हा वेगळी: नोकरी जाते किंवा सुटते, रोजगार बुडतो, काम संपतं. तुमच्या वाक्यात यातलं कुठलं क्रियापद सहज बसतं ते पाहा, निम्मा निर्णय तिथेच होतो.

नोकरी म्हटली की वर कुणीतरी मालक किंवा साहेब आला, महिन्याचा पगार आला, रजा आणि बदली आली. दुसऱ्याच्या रानात खुरपायला जाणारी बाई 'मी नोकरी करते' म्हणत नाही, नाक्यावरचा फळवालाही म्हणत नाही. म्हणून मागचा अनुभव विचारायचा असेल आणि फॉर्म कचेरीतल्या माणसांसाठी असेल, तर 'पूर्वीच्या नोकऱ्या' हे चोख मराठी आहे. गंमत म्हणजे नोकरी मानाची असली तरी नोकर म्हणवून घ्यायला कुणी तयार नसतं. त्यासाठी आपण 'नोकरदार' घडवला.

रोजगार बराच ऐसपैस आहे. फारसीत या शब्दाचा अर्थ काळ, दिवस असा आहे; मराठीत तो रोजच्या कमाईवर येऊन स्थिरावला. त्यात पगारदार बसतो, मजूर बसतो, पिठाची गिरणी चालवणाराही बसतो. स्वयंरोजगार सहज म्हणता येतं, 'स्वयंनोकरी' म्हणून बघा! १९७२च्या दुष्काळात राज्यभर खडी फोडायची, माती उचलायची कामं निघाली, आणि विधान परिषदेचे तेव्हाचे सभापती वि. स. पागे यांच्या पुढाकाराने उभ्या राहिलेल्या योजनेचा कायदा १९७७ साली होऊन २६ जानेवारी १९७९ पासून लागू झाला. त्याचं नाव रोजगार हमी. सरकार हमी देत होतं ती कामाची आणि त्या दिवसाच्या मजुरीची, कायमच्या नेमणुकीची नव्हे, त्यामुळे तिथे नोकरी हा शब्द खोटा ठरला असता. याच योजनेला पैसा हवा म्हणून १९७५ साली जो कर आला, त्याला आपण व्यवसाय कर म्हणतो. महिन्याला २०० रुपये आणि फेब्रुवारीत ३०० असा तो पगारातून कापला जातो, म्हणजे नोकरी करणारा व्यवसायाच्या नावाने कर भरतो आणि तो रोजगारासाठी असतो. कायद्याच्या लांबलचक नावात नोकऱ्याही आहेत, पण पगारपत्रकावर तेवढी जागा कुठली?

तरी प्रश्न विचारताना मी रोजगार टाळते. एका पाहणीसाठी मी प्रश्नावली केली होती, त्यात 'आपण सध्या रोजगारात आहात का?' असं लिहिलं. एक मावशी म्हणाल्या, नाही. मग सहज विचारलं, "गेल्या आठवड्यात कुठं कामाला गेला होता का?" तर चार दिवस कांदा काढायला गेल्या होत्या, शिवाय घरच्या दोन म्हशी. देशात किती लोक कामात आहेत ते मोजणाऱ्या सरकारी श्रमबल पाहणीत आठवड्याच्या हिशोबात एखाद्या दिवशी एक तास काम केलं तरी माणूस रोजगारात धरतात. माझ्या कागदावर मावशी बेरोजगार होऊन बसल्या होत्या, दोष माझ्या शब्दाचा. त्यामुळे आकड्यांच्या तक्त्यावर रोजगार लिहा. माणसाला विचारताना काम.

सेवायोजन हा कचेरीचा शब्द. नाव नोंदवायला लोक सेवायोजन कार्यालयात जायचे, ती पाटीही आता कौशल्य विकास, रोजगार व उद्योजकता अशी झाली आहे. संविधानाच्या सोळाव्या अनुच्छेदाच्या मराठी पाठात सार्वजनिक सेवायोजन आहे, तिथून उद्धृत करताना तसंच ठेवा. एरवी हा शब्द वापरायचं मला कारण दिसत नाही. कागदोपत्री नियुक्तीपत्र आणि सेवाशर्ती हे शब्द रुळलेले आहेत. बळाचा किंवा एखाद्या युक्तीचा एम्प्लॉयमेंट असेल तर सरळ 'वापर' म्हणावं.

उलट बाजूला बेकार आणि बेरोजगार. फॉर्मवर बेरोजगारच लिहा, कारण बेकार शब्द आता टाकाऊ, वाईट अशा अर्थानेच जास्त कानावर पडतो. घरात दोन्ही शब्द सहसा निघत नाहीत. पाहुण्यांनी विचारलं तर आई म्हणते, "सध्या घरीच असतो." त्याला कुठल्याच फॉर्मवर रकाना नाही.