पोट साफ होण्यासाठी व्यायाम: पोटाचे करावेत की ओटीपोटाच्या तळाचे?

निपाणीच्या माझ्या आत्याच्या मांडीवर सकाळी विड्या वळायचं सूप आलं, की दुपारपर्यंत उतरत नाही. तेंदूची पानं, तंबाखू, दोरा. मधेच संडासला लागली तर म्हणते, "जाऊ की मग, एवढं होऊ दे." मग चार-चार दिवस काही नाही. माझं उलटं. बेळगावात टिळकवाडीत दिवसभर ऑफिसच्या खुर्चीत असतो, रोज लागते, पण अर्धा तास कुंथूनही काहीतरी राहिल्यासारखं वाटतं. तक्रार दोघांची एकच, अडतं मात्र वेगळ्या जागी.

म्हणून व्यायाम निवडण्याआधी एवढं बघा: मुळात लागतच नाही, की लागूनही सुटत नाही?

लागत नसेल तर पोटाचे व्यायाम बरे: चालणं, पवनमुक्तासन आणि पोट चोळणं. चोळायचं ते उताणं पडून, गुडघे मोडून. उजव्या जांघेच्या वरून सुरुवात करा, बरगडीपर्यंत वर, तिथून आडवं डावीकडे, मग डाव्या अंगानं खाली. मोठ्या आतड्याची वाट हीच. दहा-पंधरा मिनिटं रोज, आणि फरकासाठी काही आठवडे धीर धरा. गरोदरपणात, हर्निया असेल किंवा पोटाचं ऑपरेशन नुकतंच झालं असेल तर चोळणं आणि पवनमुक्तासन दोन्ही नको. सिट-अप्सनी पोट घट्ट होईल, साफ होईलच असं नाही. खर्च शून्य, टिळकवाडीतल्या व्हॅक्सिन डेपोच्या मैदानात सकाळी फेऱ्या मारायला कोण पैसे घेतो?

लागूनही सुटत नसेल तर गोष्ट दाराशी, म्हणजे ओटीपोटाच्या तळाशी आहे. गुदमार्गाला मागून वेढा घालून एक स्नायू तो पुढं ओढून धरतो, नळी वाकलेली ठेवतो. शौचाच्या वेळी तो सैल पडायला हवा. काहींचा त्याच वेळी आवळतो. इथं मी फसलो. मोबाइलवर बघून महिनाभर केगेल नावाचे व्यायाम केले आणि जास्तच अडायला लागलं. अमेरिकन डॉक्टर अर्नल्ड केगेल यांनी १९४८ साली हे व्यायाम मांडले ते बाळंतपणानंतर लघवी गळणाऱ्या बायकांसाठी. त्यात ओटीपोटाचा तळ आवळायचा असतो, आपल्या योगातल्या मूलबंधासारखा. लघवी गळत असेल तर जरूर करा. माझ्यासारख्याला सैल सोडायला शिकायचं असतं.

फिजिओथेरपिस्टनं शिकवलं ते असं: कमोडवर बसून पायाखाली पाट घ्या, गुडघे कमरेच्या वर येऊ द्या, कोपरं गुडघ्यांवर. श्वास घेताना पोट फुगू द्या आणि खालचा भाग सैल सोडा. मग श्वास न कोंडता हळू "हूऽऽ" करत सोडा. देशी संडासात निम्मं काम आपोआप व्हायचं म्हणा. एवढ्यानं भागलं नाही तर बायोफीडबॅक असतो: सेन्सर लावून स्नायू आवळतोय की सुटतोय ते स्क्रीनवर दाखवतात. दाराशीच अडणाऱ्यांसाठी हा चांगला उपाय आहे. वेळ आणि पैसा मात्र लागतो.

ठरतच नसेल तर पाट आणि पोट चोळणं तीन-चार आठवडे करून बघा, केगेल बाजूला ठेवा. रक्त पडत असेल, वजन उतरत असेल किंवा पन्नाशीनंतर ही तक्रार नव्यानं सुरू झाली असेल तर आधी डॉक्टर. लोहाच्या गोळ्या चालू असतील तर तेही सांगा.

खाल्ल्यावर आतडं हलतं, म्हणून आत्या आता न्याहारी करून आधी संडासला जाते, मग सूप घेते. पोट चोळायला सांगितलं तर मात्र सुनेसमोर लाजते.