नडगी, टाच, गुडघा: थांबायचं, कमी करायचं की पाण्यात उतरायचं?

मुंबई मॅरेथॉन जानेवारीच्या तिसऱ्या रविवारी असते. त्यामुळे नोव्हेंबर म्हणजे लाँग रन वाढत जाण्याचा महिना, आणि नेमकी तेव्हाच कुणाची नडगी, कुणाची टाच कुरकुरायला लागते. पैसे भरलेले असतात, ऑफिसात सांगून झालेलं असतं. ग्रुपमध्ये विचारलंत तर तीन सल्ले हमखास मिळतात. ‘महिनाभर गप बस.’ ‘कमी कर, पण सोडू नको.’ ‘पोहायला जा.’ सल्ला देणारे तिघंही आपापल्या जागी बरोबर असतात, कारण प्रत्येकाचं दुखणं वेगळं होतं. तुमचं दुखणं हाडाचं की शिरेचं (म्हणजे रक्तवाहिनी नव्हे, स्नायूला हाडाशी जोडणारी दोरी, टेंडन), हे आधी ठरवा. निम्मा निर्णय तिथेच होतो.

नडगीपासून सुरू करू. खुर्चीत बसा आणि नडगीच्या आतल्या कडेवरून अंगठा दाबत खालपर्यंत न्या. चार-पाच बोटं रुंदीच्या पट्ट्यात सगळीकडे थोडं थोडं दुखत असेल आणि पळताना अंग गरम झाल्यावर ते कमी होत असेल, तर बहुधा शिन स्प्लिंट, म्हणजे नडगीच्या कडेची ताणाने झालेली दुखरी अवस्था. पण रुपयाच्या नाण्याएवढ्या एकाच जागी अंगठा ठेवल्यावर तोंडातून ‘आई गं’ निघत असेल, रात्री पडल्या पडल्याही ठणकत असेल, त्या पायावर एक लंगडीची उडी मारवत नसेल, तर स्ट्रेस फ्रॅक्चरची, म्हणजे सततच्या ताणाने हाडाला पडलेल्या बारीक चिरेची, शंका धरायची. इथे बरेच जण एक्स-रेवर फसतात. पहिल्या दोन-तीन आठवड्यांत अशी बारीक चीर एक्स-रेत अनेकदा दिसतच नाही. रिपोर्ट नॉर्मल आला म्हणून रविवारी पंचवीस किलोमीटर मारून येणारे मी पाहिलेत. एमआरआयला काही हजार जातात, पण ते फुकट गेलेल्या सीझनपेक्षा स्वस्त पडतात.

हाडाच्या बाबतीत तुलना करण्यासारखं फारसं नाही. पळणं बंद. नडगीच्या आतल्या कडेचं साधं स्ट्रेस फ्रॅक्चर असेल तर साधारण सहा ते आठ आठवडे. नडगीची पुढची धार, पावलाच्या वरच्या बाजूला घोट्यापुढचं छोटं हाड किंवा जांघेत खोलवर दुखणं, यांपैकी काही असेल तर मसाज, तेल, फोम रोलर काहीही न करता थेट ऑर्थोपेडिककडे जायचं. विशेषतः जांघेचं दुखणं. खुब्याच्या हाडाची मान पूर्ण मोडली तर गोष्ट शस्त्रक्रियेपर्यंत जाते. आणि हाड पुन्हा पुन्हा दुखत असेल तर ताटाकडे बघा. व्यायामाच्या मानाने खाणं कमी पडलं की हाडं झिजतात. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने २०१४ मध्ये या प्रकाराला ‘रेड-एस’ (खेळाडूंमधली ऊर्जेची तूट) असं नाव दिलं. बायकांमध्ये पाळी लांबणं किंवा बंद होणं ही त्याची ठळक खूण, पण पुरुषही यातून सुटलेले नाहीत. वजन घटतंय म्हणून खूश असलेल्यांनी हे जरा जास्त लक्षात ठेवावं.

टाचेमागच्या जाड शिरेचं, म्हणजे अकिलिसचं, गणित बरोबर उलटं. सकाळी उठल्यावर पहिली काही पावलं ताठरलेली, मग मोकळं, पळून आल्यावर पुन्हा दुखणं. इथे महिनाभर बसलात तर दुखणं जातं खरं, पण परतल्यावर पहिल्याच आठवड्यात हजर होतं. शीर घट्ट होते ती भार घेऊन, विश्रांतीने नाही. स्वीडनच्या हाकान आल्फ्रेडसन यांनी १९९८ मध्ये मांडलेला व्यायाम आजही फिजिओ देतात: पायरीच्या कडेवर उभं राहून टाच हळूहळू खाली सोडायची, १५ वेळा, ३ सेट, एकदा गुडघा सरळ ठेवून आणि एकदा वाकवून, दिवसातून दोनदा, १२ आठवडे. दुखणं अगदी टाचेच्या हाडाला चिकटून असेल तर मात्र टाच पायरीखाली न्यायची नाही, सपाट जमिनीवरच करायचं. हा फरक न सांगता व्यायामाचा व्हिडिओ फॉरवर्ड करणारे खूप आहेत.

मग पळायचं का? स्वीडनमध्येच २००७ साली याचा अभ्यास झाला. एका गटाने व्यायाम करता करता पळणं चालू ठेवलं, दुसऱ्या गटाने पहिले सहा आठवडे बंद. दोन्ही गट सारखेच सुधारले. अट एकच होती: दुखणं दहापैकी पाचाच्या वर जाता कामा नये आणि दुसऱ्या सकाळपर्यंत खाली यायला हवं. म्हणून अकिलिसवाल्यांना मी ‘कमी कर, सोडू नको’ याच बाजूने सांगेन. फक्त कमी काय करायचं ते नीट निवडा. आधी वेग आणि चढ काढून टाका, किलोमीटर नंतर. मॅरेथॉनच्या वाटेवरच्या पेडर रोडच्या चढाची तयारी म्हणून टेकडीवर रिपीट्स, म्हणजे तोच चढ पुन्हा पुन्हा, मारायचं हे वर्ष नव्हे.

तळव्याच्या टाचदुखीलाही बऱ्याच अंशी हेच लागू आहे. बोटांखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून टाचा उचलायचा व्यायाम एक दिवसाआड करून बघा. जिना उतरताना वाटीभोवती दुखणारा गुडघाही सहसा पूर्ण विश्रांती मागत नाही. पाऊल आखूड टाका, मिनिटाला पावलं थोडी वाढवा, मांड्या आणि कुल्ले बळकट करा. गुडघा सुजला, अडकला किंवा दगा देऊ लागला, तर गोष्ट वेगळी.

राहिला तिसरा पर्याय, पाणी आणि सायकल. भीती असते दम जाण्याची. ती चौथ्या दिवशी वाटते तेवढी खरी नसते. १९८४ च्या एका गाजलेल्या अभ्यासात चांगल्या सरावातल्या खेळाडूंनी व्यायाम पूर्ण सोडल्यावर तीन आठवड्यांत ऑक्सिजन वापरायची कमाल क्षमता सुमारे ७ टक्के घसरली. म्हणजे आठ-दहा दिवस बसल्याने आभाळ कोसळत नाही. त्याहून लांब थांबावं लागणार असेल तर कमरेला पट्टा बांधून खोल पाण्यात पळणं हा पळण्याच्या सर्वांत जवळचा पर्याय. १९९७ च्या एका छोट्या प्रयोगात चार आठवडे फक्त असंच पळून ५ किलोमीटरची वेळ टिकली होती.

प्रत्यक्षात मात्र आपल्याकडचा तलाव आडवा येतो. ठरावीक वेळेची बॅच, खोल बाजूला जाऊ न देणारा लाइफगार्ड, आणि जागच्या जागी हातपाय हलवणाऱ्या माणसाकडे संशयाने बघणारी काकामंडळी. कंटाळाही भयंकर. सायकल त्यामानाने सोपी. घरात ट्रेनर (सायकल जागच्या जागी चालवायचा स्टँड) असेल तर वेळेचंही बंधन नाही. पण हाडाचं दुखणं असेल तर डॉक्टरांना विचारूनच बसा, आणि गुडघ्याचं असेल तर सीट थोडी वर घ्या. नुसतं पोहणं दमाला बरं, पायांना जेमतेम.

या सगळ्यात एक खोट आहे. पाणी आणि सायकल दम राखतात, पण जमिनीवर आपटण्याची सवय हाडांना देत नाहीत. परत आल्यावर दम ‘दहा किलोमीटर कर’ म्हणतो आणि पाय तीनलाच थकलेले असतात. दुसरी दुखापत बहुधा याच काळात होते. म्हणून आधी अर्धा तास भराभर चालून न दुखणं, एका पायावर टाचा उचलणं आणि मग लंगडी जमणं, हे झाल्यावरच एक मिनिट पळणं, एक मिनिट चालणं, तेही एक दिवसाआड.

चौथा पर्याय कुणी उघड सांगत नाही: गोळी खाऊन पळणं. ब्रुफेनच्या जातीतली गोळी आणि अंगातलं पाणी कमी झालेलं, हे मूत्रपिंडाला झेपत नाही. अकिलिसमध्ये स्टेरॉइडचं इंजेक्शन घेतल्याने शीर तुटायचा धोका वाढतो. हा पर्याय बादच.

आणि जानेवारीचं काय? डिसेंबरच्या मध्यापर्यंत दहा-बारा किलोमीटर न दुखता होत नसतील तर फुल मॅरेथॉन सोडा. अकिलिसवाला, आधी तीस किलोमीटरपर्यंत पोचलेला आणि सकाळी न लंगडणारा असेल, तर वेळेचा हट्ट सोडून सावकाश पूर्ण करेल. हाडवाल्याने बिब (छातीवर लावायचा नंबर) घेतलं तरी स्टार्ट लाइनवर जाऊ नये. त्याने मरीन ड्राइव्हवर उभं राहून पाण्याचे ग्लास वाटावेत आणि ऑगस्ट-सप्टेंबरच्या सातारच्या घाटातल्या हाफ मॅरेथॉनची तयारी फेब्रुवारीत सुरू करावी.