‘पंचवीस कोंबड्यांचं’ सागवानी खुराडं: पैसे देण्याआधी आतल्या दांड्या मोजा

तयार खुराडं विकत घेणार असाल तर आधी आतल्या दांड्या बघा, म्हणजे कोंबड्या रात्री ज्यांवर बसून झोपतात त्या. पत्रा, जाळी, रंग, दाराची कडी हे सगळं नंतर. आम्हाला गंडवलं ते नेमकं या दांड्यांमध्येच, आणि तोच माल अजून कोकणात येतोय, म्हणून सविस्तर लिहितेय.

आमच्या परसात गावठी आणि वनराज (एक सुधारित जात) मिळून वीसेक कोंबड्या. जुन्या खुराड्याच्या कुडाखालून मुंगसाने वाट केली, तेव्हा पक्कं काहीतरी हवं होतं. फेसबुकवर जाहिरात दिसली: लोखंडी सांगाडा, बारीक जाळी, ‘पंचवीस पक्ष्यांचं मॉडेल, आत सागाच्या दांड्या’. किंमत अठ्ठावीस हजार. फोनवरचा माणूस अत्यंत गोड. “ताई, साग आहे, पाच वर्षं हात लावायला नको.” निम्मे पैसे यूपीआयने आगाऊ घेतले.

टेंपो आला तो दिवेलागणीनंतर, भर पावसात. ड्रायव्हरला पुढे जायची घाई. उरलेले पैसे हातात पडल्याशिवाय दोर सोडायला तयार नाही. माल मुद्दाम अशा वेळी पाठवतात, असं माझं ठाम मत आहे, कारण पुढे भेटलेल्या आणखी दोन घरांत तो अंधार पडल्यावरच पोचला होता.

सकाळी वाडीतले सुतारकाका बघायला आले. त्यांनी दांडीच्या टोकाला पटाशी लावली. वरचं तपकिरी पॉलिश साल निघावी तसं सुटलं आणि आत पांढरट, गाठीगाठींचं लाकूड. दुसऱ्या दांडीवर पॉलिशखाली अर्धवट पुसलेला काळा शिक्का आणि खिळे उपसल्याची भोकं. “वैनी, ह्यां सागाचां न्हय. पॅकिंगचां लाकूड आसा.” मशिनरीच्या खोक्याच्या फळ्या चिरून रंगवल्या होत्या. सागाचा रंग आतपर्यंत जातो, ताजा काप दिला की त्याचा तेलकट वास येतो, आणि हातात घेतल्यावर वजन लागतं. यातलं एकही नव्हतं.

पण लाकडापेक्षा मोठी फसवणूक आकड्याची. कोंबडी रात्री जमिनीवर झोपत नाही, उंचावर बसून झोपते. मोठ्या कोंबडीला बसायला आठ ते दहा इंच जागा लागते. आमच्या खुराड्यात चार-चार फुटांच्या दोन दांड्या, म्हणजे सगळी मिळून 96 इंच. त्यावर जेमतेम दहा कोंबड्या मावतात. पंचवीस पक्ष्यांना एकोणीस फुटांच्या आसपास दांडी हवी. हे लोक तळाचा चौरस फूट मोजून ‘पंचवीस’ सांगतात. त्यात भर म्हणजे दुसरी दांडी बरोबर पहिलीच्या खाली ठोकलेली, म्हणजे वरच्यांची विष्ठा रात्रभर खालच्यांच्या पाठीवर. संध्याकाळी वरच्या जागेसाठी टोचाटोची व्हायची आणि दुबळ्या तलंगा (तरुण कोंबड्या) ओल्या तुसावर कोपऱ्यात बसायच्या. अंड्यांची खोकी दांड्यांपेक्षा उंच लावलेली. कोंबड्या सगळ्यात उंच जागा धरतात, तेव्हा त्या खोक्यातच झोपून अंडी घाण करू लागल्या.

दांडी जेमतेम इंचभर रुंद, कडा धारदार, आणि वरची चार फुटांवर. वनराज अंगाने जड. एका कोंबडीच्या तळपायाला गाठ आली, मधोमध काळी खपली. पशुवैद्यकीय दवाखान्यातल्या डॉक्टरांनी सांगितलं की, उंचावरून उडी आणि टोचणाऱ्या कडा यांनी तळवा चिरतो आणि जखमेत जंतू शिरतात. ती बिचारी एका पायावर उभी राहायची, ते बघवत नव्हतं. लाकूड फुटायला लागल्यावर भेगांत बारीक तांबडे माइट (उवांसारखे किडे) झाले. ते दिवसा भेगेत लपतात आणि रात्री कोंबडीचं रक्त पितात. तिन्हीसांजेला कोंबड्या खुराड्यात शिरायला नकार देऊ लागल्या तर आधी हेच तपासा: रात्री दांडीच्या खालून पांढरं फडकं फिरवा, तांबडे डाग उठतात.

विक्रेत्याला फोटो पाठवले. आधी म्हणाला, “पावसात रंग सोडतोच, ताई.” नंतर नंबर ब्लॉक. बिल काढून बघितलं तर त्यावर फक्त ‘कोंबडी घर, 1 नग’. लाकूड नाही, माप नाही, पक्ष्यांची संख्या नाही. सगळी आश्वासनं फोनवर, बिल कोरं. सुदैवाने जाहिरातीचा आणि व्हॉट्सॲपवरच्या ‘सागाच्या’ मेसेजचा स्क्रीनशॉट होता. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला 1915 वर तक्रार नोंदवली, आणि आता जिल्हा ग्राहक आयोगात अर्ज केलाय. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यामुळे आपण राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, विक्रेता कुठलाही असो, आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही. पैसे घेऊन माल पाठवलाच नाही असं झालं तर वेळ न घालवता 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा.

दांड्या सुतारकाकांनी नव्या करून दिल्या, मोडलेल्या घराच्या जुन्या सागवानी वाशांच्या. दोन इंच रुंद, वरच्या कडा कानशीने गोल केलेल्या, सगळ्या एकाच उंचीवर, जमिनीपासून दोन फूट. भिंतीपासून फूटभर, एकमेकींपासूनही फूटभर. खिळा एकही नाही. दोन्ही टोकं खाचेत बसतात, त्यामुळे उचलून उन्हात टाकता येतात. पोफळीच्या चिपा फुकट मिळतात म्हणून वापरू नका, त्यांची कुसळं पायात घुसतात. पीव्हीसी पाइपवर पकड बसत नाही.

सध्या तोच माणूस नवं नाव आणि नवा नंबर घेऊन जाहिरात करतोय. फोटो जुनेच आहेत: हिरवा पत्रा, दोन दांड्या एकीखाली एक, मागे निळी ताडपत्री. दांडीची लांबी विचारली की तो विषय बदलून डिलिव्हरीच्या तारखेवर येतो.