ऑनलाइन नोंदवलेला भाडेकरार: घर सोडताना कितपत कामी आला

मुंबईतल्या चारकोपच्या वन बीएचकेचा अकरा महिन्यांचा लिव्ह अँड लायसन्स करार आम्ही ऑनलाइन नोंदवला होता. घरी आलेल्या माणसाच्या यंत्रावर अंगठे टेकवले आणि पीडीएफ हातात आली. तिची खरी परीक्षा झाली ती गेल्या महिन्यात, घर सोडताना.

खर्च फार नाही. मुदतीचं एकूण भाडं आणि डिपॉझिटवरचं वर्षाला १० टक्क्यांनी धरलेलं व्याज, या बेरजेवर ०.२५ टक्के मुद्रांक शुल्क आणि मुंबईत नोंदणी फी १,००० रुपये. एजंटचे पैसे वेगळे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ च्या कलम ५५ नुसार नोंदणीची जबाबदारी घरमालकाची आहे. मालक 'नोटरी पुरे' म्हणत असतील तर हे कलम त्यांना दाखवा.

आता भांडणाचं. बेडरूमच्या पश्चिमेकडच्या भिंतीला बाहेरून ओल येते. जुलैत पोपडे सुटले तेव्हाच मी घरमालक काकांना फोटो पाठवले होते. घर सोडताना मात्र काका म्हणाले, "रंगवलेलं घर दिलं होतं, तसंच परत पाहिजे." एक लाखाच्या डिपॉझिटमधून पस्तीस हजार कापायचं त्यांनी ठरवून टाकलं होतं. वापरून भिंत मळते आणि पावसाने भिंत फुगते, या दोन्हींचा भार भाडेकरूवर टाकणं मला मुळीच मान्य नाही.

करारात आम्ही एक ओळ घालून घेतली होती: नेहमीच्या वापराची झीज, बाहेरची गळती आणि रंगकाम मालकाकडे. ती दाखवल्यावर काका चिडले, सोसायटीच्या सेक्रेटरींनाही बोलावून आणलं. पण खाली अंगठा त्यांचाही होता. अखेर तडकलेल्या काचेचे आणि शेवटच्या लाइट बिलाचे पैसे कापले, ते योग्यच होतं. बाकीची रक्कम चावी देतानाच खात्यात जमा झाली.

मात्र ही ओळ ऑनलाइन नोंदणीच्या तयार मसुद्यात नव्हती. तिथे डिपॉझिट परत मिळेल एवढंच मोघम लिहिलेलं होतं. काय कापता येईल, पैसे कधी द्यायचे, काही नाही. पंखे, गिझर, नळ यांची यादीही आम्हीच जोडली.

'डिपॉझिट मिळेपर्यंत चावी सोडू नकोस' हा सल्ला मला जो तो देत होता. तो धोक्याचा आहे. मुदत संपूनही ताबा सोडला नाही, तर त्याच भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम २४ खाली ठरलेल्या भाड्याच्या दुप्पट भरपाई अंगावर येऊ शकते. पैसे मिळेपर्यंत भाडं न देता राहता येईल, असं करारात स्पष्ट लिहिलेलं असेल तरच चावी अडवा. आमच्या करारात ते होतं, म्हणून मी ठाम राहू शकलो.

नोंदणी झाली म्हणून डिपॉझिट कोणी वसूल करून देत नाही. मालक अडून बसले तर वकिलाची नोटीस आणि कोर्ट, हाच रस्ता उरतो. केंद्राच्या २०२१ च्या आदर्श भाडेकरू कायद्यात घराचं डिपॉझिट दोन महिन्यांच्या भाड्यापुरतं मर्यादित केलं आहे, पण राज्याने स्वीकारल्याशिवाय तो लागू होत नाही. तोवर निदान 'चावी आणि डिपॉझिट एकाच वेळी' एवढं वाक्य तरी नोंदणीच्या तयार मसुद्यात सरकारने घालावं. आज ते ज्याला माहीत आहे, त्याच्याच करारात असतं.